एका फेरीचं कवच

असोदा, १८ मे २०२५

अक्का,

नमस्कार. पाया पडलेलं तुला चालत नाही, म्हणून नुसताच.

कामिनी म्हणते, "दादा, पत्र कसलं लिहितोस, फोन कर." पण आपल्या फाशांच्या लढाईच्या खेळाचा वाद फोनवर करायचा नाही हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. ती आणि शेजारचा गिरधर एका बाणावरून सहा महिने बोलत नव्हते, ते ती सोयीने विसरली. तेव्हापासून आपला कायदा असा की हरकत लेखी द्यायची, पोस्टाने पाठवायची आणि ज्याचा मंत्र त्यानेच द्यायची. हरकत मान्य झाली तर पुढच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खेळ त्या घावापासून पुन्हा सुरू.

अखाजी होऊन अठरा दिवस झाले. तुझी हरकत आली नाही. रोज पोस्टमनला विचारतो, आता तोच मला लांबून मान हलवून दाखवतो. म्हणून शेवटी मीच लिहितोय, कारण चूक माझी आहे.

घडलं ते नियमाप्रमाणे क्रमाने मांडतो. गल्लीत सगळे पत्ते कुटत होते, आपण पाच जण माडीवर सतरंजीवर. आधी गिरधरची पाळी, मग अस्वलतोंड्या राक्षसाची म्हणजे माझी, खेळ मी चालवतो म्हणून, मग तुझी, मग मावशीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, कागदावरच्या धनसिंगची, शेवटी कामिनीची. पाचही पाळ्या झाल्या की एक फेरी. तिसऱ्या फेरीत तू धनसिंगवर एका फेरीचं कवच टाकलंस. चौथी फेरी लागली. गिरधरने पेटत्या तेलाचं मडकं फेकलं, ते राक्षसाच्या आधी आपल्याच माणसांत फुटलं, सगळे हसत सुटले. मग राक्षसाने धनसिंगवर गदा घातली. तू म्हणालीस, "कवच आहे." मी म्हणालो, "तिसरी फेरी संपली, कवच संपलं." धनसिंगचे जीव नऊ, घाव पंधरा. गेला.

रात्रभर झोप नाही, म्हणून सकाळी वही काढली. पुण्याला होस्टेलवर हा खेळ शिकलो तेव्हा इंग्रजी पुस्तकावरून मीच मावशीला वाचून दाखवता यावी म्हणून ती वही लिहिली होती. राउंडची फेरी केली, टर्नची पाळी, स्पेलचा मंत्र. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय: एका फेरीचा मंत्र फेरीच्या शेवटी संपत नाही, टाकणाऱ्याची पुढची पाळी येईपर्यंत चालतो. जळगावच्या एसटीचा पास बारा तारखेला काढला तर तो पुढच्या बारालाच संपतो, एक तारीख उजाडली म्हणून कंडक्टर खाली उतरवत नाही. तसंच. चौथ्या फेरीत तुझी पाळी अजून यायची होती. कवच होतं. घाव निम्मा, म्हणजे अर्धा सोडून सात झाला असता आणि धनसिंग दोन जीवांवर का होईना, उभा राहिला असता.

मावशी रविवारपर्यंत राहणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनेच तुला घेऊन निघाली. आई खापरावरच्या पुरणपोळ्या बांधून देत होती, त्याही नको म्हणाली. काका गेल्यापासून ती मोकळी हसते ती वर्षातून तीन दिवस, आमच्या माडीवर, आणि मी घाईघाईत तिचा धनसिंग मारून ठेवला.

चार ओळींची हरकत पाठव, अक्का. मी लगेच मान्य करतो.

तुझा
नीलेश

*

देवपूर, धुळे, ९ जून २०२५

नीलेश,

पत्र मिळालं. शिवणक्लासच्या मुलींच्या परीक्षा होत्या म्हणून उशीर.

चुकलास ते खरंच. स्वतः लिहिलेली वही स्वतःच वाचत नाहीस, दाळमिलच्या काट्यावर असाच बसतोस का? गाडी रिकामी की भरलेली एवढं तरी बघतोस ना?

आई बरी आहे. पण खेळाचं नाव काढत नाही. तिच्या कागदाच्या चार घड्या करून तिने पेटीत तळाशी ठेवल्यात. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "आते मना धनसिंग मरी गया, मी तठे बठीसन काय करू?" तुझ्यावर रागावली आहे असं धर. मोठ्या माणसाचा राग आहे, बोलून दाखवणार नाही.

हरकत-बिरकत राहू दे. घरातल्या घरात कसली कागदपत्रं? मेला तो मेला. पुढच्या वर्षी नवा गडी देऊ तिला.

तुझ्या आईला गुडघ्याला एरंडाचं पान बांध म्हणावं.

सुलक्षणा

*

असोदा, २९ जून २०२५

अक्का,

तुझं पत्र वाचून राहवेना, म्हणून गेल्या रविवारी धुळ्याला आलो होतो. तू घरीच होतीस, त्यामुळे काय झालं ते तुला माहीत आहे. पण जे तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते लिहितो.

मावशीने शेवभाजी केली. मला दोनदा वाढली. "तुनी मायना गुडघा कसा शे?" म्हणून विचारलं, केळीला पाणी पुरतं का विचारलं, गिरधरच्या लेकीचं विचारलं. खेळाबद्दल एक अक्षर नाही. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा त्यात भाकरीचा तुकडा घातला. तू समोर बसून ताटातली मिरची बाजूला करत होतीस. तूही काही बोलली नाहीस, मला वाचवायलाच गप्प बसलीस असं मी धरतो.

निघताना पाया पडलो तेव्हा मावशी माझ्या डोक्यावर हात ठेवून जरा जास्तच वेळ उभी राहिली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मी हसत परत आलो असतो. पारोळ्यापर्यंत गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

नवा गडी देऊ म्हणतेस. आठ वर्षं ती धनसिंगला खेळवते आहे. त्याला लिहिता येत नाही, तिला येत नाही म्हणून. त्याला खारं आवडतं, तिला आवडतं म्हणून. मावशी अंगणातून हाक मारायची, "धनसिंगले जेवाले वाढा," आणि आपण तिला एक पापड जास्त द्यायचो. तो मेला तो मेला असं मला म्हणवत नाही.

आणि पुढच्या वर्षी खेळ चालवायला मी बसणार नाही. वह्या कामिनीला देणार. ज्याला एक फेरी मोजता येत नाही त्याने दुसऱ्यांचे जीव मोजू नयेत.

हरकत मीच लिहून सोबत जोडली आहे. तुला फक्त सही करायची आहे. वाच: "तिसऱ्या फेरीत माझ्या पाळीला मी टाकलेलं कवच चौथ्या फेरीतल्या राक्षसाच्या पाळीपर्यंत अखंड होतं, असं मी खरं सांगते." एवढंच.

नीलेश

*

धुळे, २ सप्टेंबर २०२५

नीलेश,

श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट, पाहुणे, मग क्लासच्या नव्या मुली. वेळ झाला नाही.

सही केली आहे. कागद सोबत आहे. आता हा विषय संपव आणि वह्या कुणाला देऊ नकोस.

सुलक्षणा

*

असोदा, ३० ऑक्टोबर २०२५

अक्का,

उशीर झाला, पण काम पक्कं केलं. निकाल सोबत आहे. कामिनी आणि गिरधर दोघांच्या सह्या घेतल्या. गिरधर सही करताना म्हणाला, "चला, खाटकाने बकरा परत जोडला." सहा महिने तो मला खाटीक म्हणतोय आणि मी ऐकून घेतोय, कारण खोटं तर नाही. दिवाळीत फराळाला गेलो तर त्याच्या आईनेही मावशीचं नाव घेऊन विचारलं, "झुंबरबाईचा माणूस तूच मारला ना रे?" असोद्यात गोष्ट पसरायला भोंगा लागत नाही.

निकाल असा: हरकत मान्य. धनसिंग दोन जीवांवर जिवंत. येत्या अखाजीला, १९ एप्रिलला, खेळ राक्षसाच्या त्याच घावापासून पुढे. खेळ चालवणाऱ्याने सर्वांदेखत झुंबरबाईंची माफी मागायची. हे शेवटचं मीच घातलं, कुणी सांगितलं नव्हतं.

तुझी सही आली त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. तू हरकत द्यायला का-कू करत होतीस तेव्हा मला वाटलं, अक्काही आपल्यावर चिडलीय, सरळ सांगत नाही. मनात असं आणलं त्याचीही माफी माग, असं कामिनीचं म्हणणं, तर मागतो.

एक काम कर. निकाल मावशीला मोठ्याने वाचून दाखव. धनसिंग जिवंत आहे हे तिने तुझ्या तोंडून ऐकावं, कवच तुझं होतं.

तुझा
नीलेश

*

धुळे, ११ जानेवारी २०२६

नीलेश,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं आहे. आता पाचव्यांदा लिहितेय ते न वाचता पाकिटात घालणार आहे.

तुझा निकाल दोन महिने शिवणयंत्राच्या खणात पडून होता. गेल्या रविवारी आई तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा वाचून दाखवला. तिने हात न थांबवता पूर्ण ऐकला. "धनसिंग जिवंत" म्हटलं तेव्हाही मान वर केली नाही. शेवटी एकच विचारलं, "त्यावर तुनी सही शे का?" मी हो म्हटलं. तिने सूप उचललं आणि आत गेली.

तिच्या त्या प्रश्नानंतर मला घरात नीट बसवेना झालंय. तेव्हा ऐक.

कवच ध्यानावर टिकतं. मंत्र टाकणाऱ्याला इजा झाली तर त्याने तिथल्या तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहा किंवा वर पडलं तर ध्यान राहिलं, कमी पडलं तर मंत्र त्याच क्षणी गेला. तुझ्याच वहीत आहे हे. गिरधरचं मडकं फुटलं तेव्हा दोन जीवांचा चटका मला बसला होता. तू तो मांडलासही, "अक्का, दोन वजा कर" म्हणालास आणि हसत सुटलास. फासा टाक म्हणायचं तू विसरलास. मी विसरले नव्हते. मी टाकला. तो सतरंजीवरून घरंगळून आईच्या आणि माझ्या मध्ये पडला. चार पडले होते.

मी पदर सावरल्यासारखं केलं आणि फासा उचलला. कुणाचं लक्ष नव्हतं. पुढचा घाव धनसिंगवर येणार हे मला दिसत होतं. तो नऊ जीवांवर होता. मला वाटलं, एका फाशाने कुणाचं काय जातं, आईचा माणूस वाचेल. आणि लगेच तू म्हणालास, कवच संपलं, फेरी संपली. कारण चुकीचं होतं, पण कवच खरंच नव्हतं, नीलेश. ते गिरधरच्या मडक्याबरोबरच गेलं होतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ज्याच्यासाठी लपवलं तो तर वाचला नाहीच. पण सगळे तुझ्यावर तुटून पडले, आणि मला ते सोयीचं झालं. तुझ्या चुकीच्या मागे माझं लपवणं छान झाकलं गेलं. तू पत्रावर पत्र लिहून माफी मागत होतास आणि मी ताटातल्या मिरच्या निवडत तुझ्याकडे बघत होते. "आई तुझ्यावर रागावली आहे" हे मी लिहिलं. आई असं कधी बोलली नाही. ते मी बनवलं, म्हणजे तू धुळ्याला येऊन फार खोदणार नाहीस. तरी तू आलास.

सहीसुद्धा केली. "अखंड होतं असं मी खरं सांगते" यावर. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

आता तू ठरव. हे पत्र ठेवलंस तर धनसिंग मरतो. फाडलंस तर जगतो, आणि मी कुणाला काही सांगणार नाही. हे लिहितानाही तुझ्याच गळ्यात टाकतेय, मला कळतंय.

सुलक्षणा

*

असोदा, २ फेब्रुवारी २०२६

अक्का,

पत्र तीनदा वाचलं.

खोटं कशाला बोलू, फाडायचं मनात आलं होतं. पोस्टात गहाळ झालं असं म्हणायचं, मावशीला धनसिंग द्यायचा आणि आपण दोघांनी तोंड शिवून बसायचं. दोन दिवस मी तसंच ठरवून फिरत होतो. पण मग मावशी दर अखाजीला त्याला जेवायला वाढा म्हणेल, आणि आपण दोघं एकमेकांकडे न बघता पापड पुढे करू. ते मला जमणार नाही. तुला जमलं, याचंच मला जास्त लागलंय.

मी रागावलो आहे. लिहून ठेवतो, नाहीतर तू धरशील की नीलेश काय, भोळा सांब आहे, विसरेल. तुझ्या घरी मी बोलायच्या जागी भाकरीचे तुकडे तोंडात घालत होतो आणि तू समोर बसली होतीस. गिरधरच्या आईपुढे मी खाली मान घालून चकली खाल्ली. आईला वाटलं मला काहीतरी दुखणं लागलंय, तिने मुक्ताईनगरला नारळ बोलला.

आणि तरी पत्र वाचून पहिल्यांदा जे वाटलं ते हलकं वाटलं. त्याची मला शरम वाटते. आपल्या माणसाचं पाप कळलं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला.

निकाल बदलतो. ध्यान तुटलं की मंत्र त्या क्षणी जातो, फेरी बघत नाही, पाळी बघत नाही. धनसिंग गेला. फेरी मोजण्यात मी चुकलो ते चुकलोच, फासा टाक म्हणायला विसरलो ती दुसरी चूक. माफी मी मागणारच आहे. कामिनी-गिरधरला तूर्त एवढंच कळवतो की निकाल मागे घेतला, का ते अखाजीला कळेल.

पण मावशीला मी सांगणार नाही. पत्रही पाठवणार नाही. ते तू सांगायचं, तिच्यासमोर बसून, अखाजीच्या आधी.

नीलेश

*

धुळे, ५ एप्रिल २०२६

नीलेश,

सांगितलं. दोन महिने लागले, पण सांगितलं.

काल दुपारी क्लास सुटल्यावर आईजवळ जाऊन बसले. ती लसूण सोलत होती. मी मडक्यापासून सुरुवात केली, फाशापर्यंत आले आणि तिच्यापुढची टरफलं गोळा करायला लागले. ती म्हणाली, "माले माहीत शे. फासा मना पायजोडे पडना. चार व्हता."

मी विचारलं, मग त्याच वेळी बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तू आपला तोंडघाई सांगशी म्हनीसन मी वाट दखी." माझ्याच तोंडून यायची वाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली ती तुझ्यावर रागावून नव्हे. तुझ्या समोर, तुला खोटं पाडणाऱ्या माझ्या शेजारी, तिला बसवेना. मला वाटेत बोलता यावं म्हणून ती मला घेऊन निघाली होती. असोदा ते धुळे, अख्खा रस्ता ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिला खिडकीतून कापसाची नांगरलेली वावरं दाखवत होते. तू जेवायला आलास तेव्हाही ती माझीच वाट बघत होती. तुझ्या डोक्यावर हात ठेवून ती उभी राहिली ना, तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मी ताटं उचलत होते.

मी रडले. म्हटलं, आई, तुझ्यासाठीच केलं. ती लसणाचं टरफल झटकत म्हणाली, "मनासाठे एक डाव लबाडी करी, ते मी पचाडी लेती. पन बठ्ठं साल त्या पोऱ्याले चोर करं, ते कोनासाठे?"

अख्खं वर्ष तुला चोर ठरवलं ते कुणासाठी? रात्री जेवताना शोधलं, सकाळी यंत्रावर बसून शोधलं, अजून शोधतेय.

तुझी माफी मागते. ती तू आत्ता देऊ नकोस. इतक्या लवकर दिलीस तर मला परत तसंच सोयीचं वाटेल.

आई अखाजीला येतेय. शनिवारीच येऊ, तुझ्या आईला सांग. खेळायलाही बसणार आहे. पेटीतला कागद काढून तिने चुलीत घातला, "धनसिंग मरना तो मरना" म्हणाली, आणि मला कोरा कागद आणायला लावला. तिने सांगायचं आणि मी लिहायचं, नेहमीसारखं. नव्या गड्याचं नाव उखर्डू. आधीचं लेकरू गेलं की मागून आलेल्याला आपल्याकडे हेच नाव ठेवतात, तू समजलास. हत्यार कुऱ्हाड. जीव वीस. आवडतं ते खारं.

मग शेवटचा रकाना आला, लढाईत याची राखण कोण करणार. आठ वर्षं तिथे माझं नाव होतं. मी न विचारता 'सु' काढायला लागले तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाली, "गिरधर लिख."

मी म्हटलं, आई, गिरधर आपल्याच माणसांत मडकी फोडतो. ती म्हणाली, "फोडस. पन फोडं ते सांगस."

मी 'सु' खोडला आणि गिरधरचं नाव लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, तिला वाचता येत नाही तरी बराच वेळ पाहिला आणि परत माझ्यापुढे ठेवला. "अक्षर नीट काढ," एवढंच म्हणाली.

सुलक्षणा